वजनदारांनी आणलेली पानं

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे वजनदार म्हणत. अंगावर मूठभर मांस नव्हतं. वारा सुटला की खिशात दगड ठेवून फिरा, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि तेही हसायचे. नाव पडलं ते कामावरून. वॉटरक्रेसची पानं तोलायची हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी एकतीस वर्षं केलं.

वॉटरक्रेस म्हणजे उथळ वाहत्या पाण्यात वाढणारी पालेभाजी. छोटी गोलसर पानं, पोकळ देठ, आणि चव मोहरीसारखी नाकात चढणारी. आमचा अख्खा विभाग या एका भाजीच्या मागे हात धुऊन लागला होता. तिच्या पानात एक द्रव्य असतं. पान अखंड आहे तोवर ते गप्प असतं. पान चावलं किंवा चिरलं की त्याच पानातलं एक एन्झाइम त्याला येऊन भिडतं आणि तो झणझणीत पदार्थ तयार होतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी या पदार्थाने मंदावतात, हे आम्हाला दिसलं होतं, इतरांनाही दिसलं होतं. माणसाच्या शरीरात तसंच होतं का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ते शोधण्यात आमचे दिवस जात.

माझं टेबल त्यांच्या समोर. चौदा वर्षं मी त्यांना पाहत होते. सकाळी काचघरातून पानांचा ट्रे यायचा. ते पानं टिपकागदावर कोरडी करायचे, तराजूचं काचेचं दार लावायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभे राहायचे. मग पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायची, खलात कुटून पूड करायची आणि माझ्याकडे द्यायची. पुढचं रसायन माझं. चौदा वर्षांत त्यांच्या आकड्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि मी चुका काढायला टपलेली असायचे.

कच्ची पानं आणि उकळलेली पानं यांची तुलना झाली तेव्हा ते फार खूश होते. उकळल्यावर ते एन्झाइम निकामी होतं आणि तिखट पदार्थ जवळजवळ तयारच होत नाही, हे त्यांच्या हातच्या नमुन्यांतून दिसलं होतं. एरवी निकालाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. त्या दिवशी मला म्हणाले, "उकळली की संपली बघा. कच्चीच खायला हवी."

हे त्यांनी घरी जाऊन ताईला सांगितलं.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा हे अकरा वर्षांचे आणि ताई एकोणीस. तिने कपड्यांच्या कारखान्यात काजं करायचं काम धरलं, भावाला शिकवलं, प्रयोगशाळेतलं प्रशिक्षण पुरं होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय निघू दिला नाही, आणि नंतर कोणी काढला नाही. आता ती एकाहत्तरची होती आणि भाऊ-भावजयीकडे राहत होती. घर दुसऱ्या मजल्यावरचं, खाली सुताराचं दुकान. ताईची कारखान्यातली एकुलती एक मैत्रीण स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, आणि तेव्हापासून ताईला त्या आजाराची धडकी भरलेली. भाऊ त्याच आजारावरच्या भाजीत काम करतो, याचा तिला केवढा आधार. वहिनी, म्हणजे वजनदारांची बायको, सांगायच्या, की भाऊ काय करतो असं कोणी विचारलं की ताई म्हणायची, "कॅन्सरवरचं औषध तोलतो."

ते म्हणायचे, "ताई, औषध नाही. भाजी आहे."

ताई म्हणायची, "तू तोल. काय ते मी ठरवते."

काचघरात उरलेली पानं घरी न्यायला परवानगी होती. वजनदार रोज एक मूठ न्यायचे आणि ताई ती जेवणाआधी कच्ची चावून खायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनींना ती चव सोसत नसे. अशी पाच-सहा वर्षं गेली. कधी काही झालं नाही. काचघरातलं पाणी गाळलेलं, वाफे बंदिस्त, पानं स्वच्छ.

मग काचघराचं छप्पर बदलायचं निघालं आणि ते चार महिने बंद झालं. आमचे प्रयोग साठवलेल्या पुडीवर चालू राहिले. पण ताईची मूठ बंद झाली. बंद झाल्यावर तिची झोप उडाली, असं तिने भावाला सांगितलं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

वजनदारांनी बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक ओढा शोधून काढला. उथळ, नितळ, तळाचे खडे दिसावेत असा. त्यात वॉटरक्रेस अशी माजली होती की काचघरातल्या वाफ्यांना लाज वाटावी. पान ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही. तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पती त्यात मिसळली नाही ना, हेही त्यांनी देठ न् देठ पाहिलं. वरच्या अंगाला कुरणात मेंढ्या चरत होत्या, त्या त्यांनी पाहिल्या. मला येऊन सांगितलंही, की जागा मोठी छान आहे. मी म्हटलं, मलाही एक जुडी आणा. त्यांनी दोनदा आणली. मी ती सूपमध्ये टाकली, आणि इतक्या गुणाच्या भाजीचं मातेरं केलंत म्हणून त्यांची बोलणी खाल्ली.

भरपूर होती, म्हणून त्यांनी तीन शेजाऱ्यांनाही वाटली. खालच्या सुताराला, समोरच्या निवृत्त संगीत शिक्षिकेला आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला. प्रत्येकाला बजावलं, शिजवू नका.

दहा आठवड्यांनी ताईला ताप यायला लागला. अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना गेलेली. नेहमीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि परत चढायचा. तीन आठवड्यांत तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले. मोठ्या रुग्णालयात पोटाचं स्कॅन झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून पडद्यावर यकृत दाखवलं. त्यात सात काळसर डाग होते. कुठूनतरी पसरत आलेलं असावं असं दिसतंय, ते म्हणाले. मूळ कुठे आहे ते शोधायचं, पुढच्या गुरुवारी सुईने तुकडा काढून तपासायचा.

मग ताईने डॉक्टरांना विचारलं, "बुधवारी माझे खालचे दात बसवायचे आहेत. बसवू का नको?"

वहिनी मला म्हणाल्या, की डागांपेक्षा तो प्रश्नच डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी वजनदार कामावर आले. येऊ नका असा मी निरोप पाठवला होता, तरी आले. दुसरीकडे कुठे जायचं ते कळत नाही, म्हणाले. त्यांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा दिसत होता. ज्या आजारापासून पानं राखतील अशी ताईची श्रद्धा होती, आणि तोंडाने नाही म्हणत असले तरी आतून त्यांचीही होती, तोच आजार पानं खाणाऱ्या ताईला गाठतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वजनाच्या रकान्यात पुडीच्या बाटलीचा नंबर लिहिला. मी तो खोडला.

दुपारी त्यांनी ताईच्या रक्ताचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांनी स्कॅन पाहिलं होतं. अहवालातला प्रत्येक आकडा फक्त यांनी वाचला होता. त्यांची सवयच ती.

"हा बघा," ते म्हणाले. "या जातीच्या पांढऱ्या पेशी शंभरात चार-पाच असतात. ताईच्या एक्केचाळीस आहेत. हा आकडा असा का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांपुढे ते आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. पण आकडा चुकीच्या जागी दिसला की त्यांना राहवत नसे. तसेच उठले, बस पकडली आणि रुग्णालयात जाऊन त्या आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले. डॉक्टरांनी अहवाल पुन्हा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि ताईला तिसऱ्या मजल्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या संसर्गाच्या आजारांच्या तज्ज्ञ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि वजनदार त्यांच्यापुढे बसले. बाईंनी इकडचं तिकडचं विचारलं. कुठे प्रवास केलात का, घरात कुत्रं-मांजर आहे का, मांस अर्धकच्चं खाता का. सगळ्याला नाही. मग त्यांनी विचारलं, "पाण्यात उगवणारी एखादी भाजी कच्ची खाता का?"

वजनदारांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ताई म्हणाली, "वॉटरक्रेस. रोज खाते. हा माझा भाऊ आणतो. तो त्यातलाच आहे." आणि तिने अभिमानाने त्यांच्याकडे हात केला.

बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "कुठून आणता?"

त्यांनी ओढा सांगितला. मेंढ्या सांगितल्या. सांगता सांगता त्यांचा आवाज बसत गेला. बाईंनी शांतपणे समजावलं, की मेंढ्यांच्या यकृतात एक चपटा कृमी राहतो. त्याची अंडी लेंड्यांवाटे पाण्यात पडतात, पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि तिथून निघून पाण्यातल्या पानांना घट्ट चिकटून बसतात, टाचणीच्या टोकाएवढ्या कवचात. ते पान कच्चं खाल्लं की पिल्लू माणसाच्या आतड्यातून यकृतात शिरतं आणि ते पोखरत फिरतं. स्कॅनवर ते कधीकधी कर्करोगासारखं दिसतं. खात्रीसाठी रक्ताची एक तपासणी करावी लागेल, पण त्यांना स्वतःला फारशी शंका वाटत नव्हती.

"मी तीनदा धुवायचो," वजनदार म्हणाले.

"धुऊन जात नाहीत ते."

"आणि शिजवली असती तर?"

"शिजवली असती तर मेले असते."

ते उठून बाहेर गेले. व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्यांची रांग होती, तिच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. एक परिचारिका दोनदा येऊन विचारून गेली, काही हवंय का. सगळी उलथापालथ त्या एका वाक्याने झाली होती. ताईला कर्करोग नव्हता, हा आनंद अंगात भिनायला जागाच नव्हती, कारण जे होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने, निवडून, धुऊन, वर 'नीट चाव' असं बजावून तिच्या तोंडात घातलं होतं.

ताई काठी टेकत बाहेर आली. तिने विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही ना?"

"नसावा म्हणतायत."

"किडे आहेत."

"हो."

"गोळ्यांनी जातात म्हणाली ती. मग तू भिंतीकडे काय बघत बसलायस?"

"मी दिलं ताई तुला ते."

ताईने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "माझी मैत्रीण गेली तेव्हा मी घाबरले. तू मला घाबरू दिलं नाहीस. तेही तूच दिलंस. आता घरी जायची बस शोध."

चार दिवसांनी रक्ताचा निकाल आला, बाईंचा अंदाज बरोबर होता. सुईने तुकडा काढायचं रद्द झालं. एका दिवसाच्या अंतराने दोनदा गोळ्या घ्यायच्या, एवढाच इलाज. पहिल्या गोळ्यांनंतर ताई पोटदुखीने दोन दिवस कळवळली आणि वजनदार दोन्ही दिवस तिच्या पायाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी तिने वहिनींकडे अंडं मागितलं.

पण वजनदार तेवढ्यावर थांबले नव्हते. निकाल आला त्याच संध्याकाळी ते तिन्ही शेजाऱ्यांकडे गेले. संगीत शिक्षिकेने खाली मान घालून कबूल केलं, की जुड्या ती दर वेळी फेकून देत होती. इतकी तिखट, घशाखाली उतरेना, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ते ऐकून वजनदारांनी तिचे हात धरले. ती भांबावून गेली. न्हाव्याने दोनदाच खाल्ली होती. त्याची तपासणी स्वच्छ निघाली. सुताराचं मात्र दोन आठवड्यांपासून पोट दुखत होतं आणि तो जळजळीची औषधं घेत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हातातला रंधा खाली ठेवला आणि दुकानाचं दार लावून घेतलं. त्याच्याही रक्तात तेच निघालं. गोळ्यांनी तोही बरा झाला, पण पुढे दीड वर्ष जिन्यात समोर आला तरी वजनदारांकडे बघत नसे. वजनदार रोज त्याला नमस्कार करत. मी म्हटलं, कशाला करता? ते म्हणाले, तो घेवो न घेवो.

त्यांनी स्वतःही ती पानं तोडता तोडता खाल्ली होती. त्यांचं रक्त स्वच्छ निघालं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

मलाही तपासणी करायला लावली. माझं सूप मला वाचवून गेलं होतं.

पुढच्या सोमवारी ते झाकणाच्या डब्यात त्या ओढ्यातल्या काही फांद्या घेऊन प्रयोगशाळेत आले. हातमोजे घालून एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, खालची बाजू वर करून, आणि मला बोलावलं. देठाजवळ तीन पांढुरके गोल ठिपके होते, कोणी बसवल्यासारखे नेटके. मी डोळा काढून घेतला. ते बाजूला उभे होते.

"एकतीस वर्षं मी या पानात काय आहे ते मोजलं," ते म्हणाले. "पानावर काय असू शकतं, हे मला कोणी विचारलं असतं तर मी धूळ म्हणालो असतो."

मीही तेच म्हटलं असतं. आमच्या विभागात सहा जण डॉक्टरेट केलेले होते. एकालाही ती मेंढ्यांची गोष्ट ऐकून शंका आली नव्हती, आणि त्या कुरणाबद्दल त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात विभागाची बैठक होती. लोकांसाठी छापलेलं आमचं एक माहितीपत्रक होतं, हिरव्या रंगाचं, 'रोज मूठभर, कच्चीच' असा त्यावर मथळा. ते वजनदारांच्या घरी फ्रिजवर चिकटवलेलं होतं. बैठकीत शेवटच्या रांगेत बसायचं आणि संपल्यावर खुर्च्या सरळ करायच्या, एवढंच ते आजवर करत आले होते. त्या दिवशी ते उभे राहिले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. एकाने पेन खाली ठेवलं, त्याचाही आवाज झाला.

विभागप्रमुख मॅडम हादरल्या होत्या, पण त्या सावरल्या. त्यांना ताईबद्दल खरोखर वाईट वाटलं. तरी त्या म्हणाल्या, की आपलं संशोधन काचघरातल्या पानांवरचं आहे आणि ते अजूनही खरं आहे. पत्रकात चुकीचं काहीच छापलेलं नाही.

"नाही मॅडम, चुकीचं नाही," वजनदार म्हणाले. "कच्ची खा लिहिलंय. कुठली ते लिहिलेलं नाही. मी इथे एकतीस वर्षं आहे, मला कळलं नाही. दारात पत्रक पडलेल्या माणसाला कसं कळणार?"

मॅडमनी पत्रक हातात घेतलं आणि पुन्हा वाचलं, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. मग म्हणाल्या, काय लिहायचं ते तुम्हीच लिहून आणा. उरलेल्या प्रती त्या दिवशी परत मागवल्या गेल्या. वजनदारांनी चार ओळी लिहिल्या, अकरा वेळा बदलल्या. ओढ्यातली, नाल्यातली, जिथे जनावरं पाण्यावर येतात तिथली वॉटरक्रेस कच्ची खाऊ नका, धुऊन ती सुरक्षित होत नाही, नीट शिजवा. कुठल्याही भाजीने आजार टळतो असं आम्ही सिद्ध केलेलं नाही. शेवटचं वाक्य मॅडमना टोचलं. त्यांनी ते ठेवलं. ओढ्यापाशी गावच्या कार्यालयाने पाटी लावली, तीही यांनीच खेटे घातले म्हणून.

कामावर ते पूर्वीसारखेच राहिले, पण एक फरक पडला. एखादा आकडा सांगितला की ते विचारायचे, "आणि याच्या बाहेर काय आहे?" नवीन येणाऱ्यांना ते विक्षिप्त वाटायचं. मला वाटायचं नाही. आपल्याला नीट माहीत असलेली एकच गोष्ट आपल्याकडून असं करवून घेऊ शकते, या धक्क्यातून मी आजही पुरती बाहेर आलेली नाही. ते तर नाहीच आले.

ताई पुढे दहा वर्षं जगली. सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा झालं तेव्हा मी सोबत गेले होते. सात डागांतले पाच गेले होते आणि दोन बारीक व्रण उरले होते. अहवाल मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही बाकावर बसलो. ताईला नवे दात छान बसले होते आणि ते बोलण्यासाठीच बसवल्यासारखी ती बोलत होती. शेजारच्या बाकावर एक अनोळखी जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर स्कॅनचा लिफाफा होता आणि दोघांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. ताई त्यांच्याकडे सरकली.

"माझ्या यकृतात सात डाग होते," ती म्हणाली. "सगळे म्हणाले संपलं. आणि निघाले काय, तर किडे. ह्याने खायला घातले." तिने वजनदारांकडे बोट दाखवलं. "रोज, मूठभर. आणि तो आकडा सापडला, तोही ह्यालाच. तुमच्या रक्ताचा कागद कुठे आहे? दाखवा ह्याला."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि संकोचत पुढे केला. वजनदार कानापर्यंत लाल झाले. आपण डॉक्टर नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग चष्मा चढवला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.